आईचा चष्मा कुणी उतरवला?

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आईने देवासमोर बसून पोथी वाचली, तीही चष्म्याशिवाय. वय सदुसष्ट. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, एकही शब्द अडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने सुईत दोरा ओवून दाखवला, पहिल्याच फटक्यात. मग शेजारच्या काकूंना हाक मारून परत एकदा दाखवला. पंचवीस वर्षं नाकावर बसलेली चाळिशी सुटली होती. पेढे तेवढे वाटायचे राहिले.

श्रेय अर्थातच मे महिन्यातल्या शिबिराला गेलं. कोल्हापूरजवळ सात दिवसांचं नेत्रशिबिर होतं, आणि आमच्या घरातून तिघं गेलो होतो: आई, मी आणि माझे दाजी. डोळ्यांत तूप भरून ठेवणं, मेणबत्तीकडे एकटक बघणं, तळहातांनी डोळे झाकून बसणं, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणं, आणि कडक पथ्य. पत्रकावर लिहिलं होतं, 'चष्म्याला कायमचा रामराम'. गंमत म्हणजे तिघांनाही फरक पडला. हे मी आजही नाकारत नाही. नंतरच्या वर्षभरात एवढंच कळत गेलं, की तिघांच्या डोळ्यांत तीन अगदी वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या, आणि त्यातली एक चांगली नव्हती.

आधी माझं सांगते, कारण ते सगळ्यात सोपं आहे.

मी अकाउंट्समध्ये काम करते. मार्च एंडला आमचे दिवस सकाळी नऊला सुरू होतात आणि रात्री दहाला संपतात, समोर सतत एक्सेलचे चौकोन. त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यावरच्या पाट्या धूसर दिसायला लागल्या. चष्म्याच्या दुकानात गेले, मशिनवर हनुवटी टेकवली, आतलं ते रस्त्याच्या टोकाला उभं असलेल्या फुग्याचं चित्र पाहिलं, आणि चिठ्ठी बाहेर आली: दोन्ही डोळ्यांना वजा सव्वा. चष्मा केला. मेमध्ये शिबिर झालं. जूनमध्ये त्याच दुकानात, त्याच मशिनवर पुन्हा तपासलं, तर वजा अर्धा. पाऊण नंबर गायब! हे मी ऑफिसात किमान दहा जणांना सांगितलं असेल.

आता हा नंबर म्हणजे नक्की काय? डोळ्यात येणारा प्रकाश दोन ठिकाणी वळतो. आधी समोरच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर, आणि मग बाहुलीच्या मागे असलेल्या भिंगात. दोघांची मिळून ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप), आणि त्यातली दोन तृतीयांश एकट्या कॉर्नियाची. या ताकदीने प्रकाश बरोबर मागच्या पडद्यावर एकवटला, तर चित्र स्पष्ट. पडद्याच्या अलीकडेच एकवटला, तर लांबचं धूसर आणि नंबर वजा. बहुतेकांच्या वजा नंबराचं कारण भिंगात नसतं, डोळ्याच्या लांबीत असतं. मोठ्या माणसाचा डोळा समोरून मागे सुमारे २४ मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटरने जास्त लांब झाला, की नंबर अडीच-तीनने वाढतो. आणि एकदा लांब झालेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही, जशी वाढलेली उंची कमी होत नाही.

वजा नंबराचा एक सोपा भागाकार आहे. एकाला नंबराने भागा, तेवढ्या मीटरपर्यंत चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. वजा एक असेल तर एक मीटरपर्यंत. वजा दोन असेल तर अर्ध्या मीटरपर्यंत. हा हिशेब आईच्या गोष्टीत पुन्हा लागणार आहे.

मग माझा डोळा महिन्याभरात लांब होऊन पुन्हा आखूड झाला का? नाही. डोळ्यातल्या भिंगाभोवती एक गोल स्नायू असतो. लांब बघताना तो सैल असतो. जवळचं बघायचं झालं की तो आवळतो, त्यामुळे भिंगाला ताणून धरणारे धागे ढिले पडतात आणि भिंग फुगतं. ऐकायला उलटं वाटतं, पण लांबचं बघणं ही डोळ्याची विश्रांती आणि जवळचं बघणं ही मेहनत. तेरा तास स्क्रीनसमोर बसलं की हा स्नायू कधीकधी आवळलेलाच राहतो, पोटरीत गोळा येतो तसा. मान वर करून पाटीकडे बघितलं तरी तो सुटत नाही. भिंग फुगलेलं, डोळ्याची ताकद जास्त, नंबर वजा. हा खोटा नंबर.

खोटा नंबर खऱ्यापासून वेगळा कसा करायचा? स्नायू तात्पुरता लुळा करणारे थेंब असतात, बाहुली मोठी करायला घालतात त्या जातीचे. ते घालून डॉक्टरांनी माझे डोळे तपासले तेव्हा खरा नंबर निघाला वजा पाव. म्हणजे वजा सव्वा मला कधी नव्हताच. दुकानातल्या मशिनने त्या दिवशीचा पेटका मोजला होता आणि मी त्याचा चष्मा करून घातला होता. लहान मुलांचा पहिला चष्मा थेंब घालून तपासल्याशिवाय करू नये म्हणतात, ते याचसाठी. मुलांचा हा स्नायू भलता जोरकस असतो.

मग माझा नंबर उतरवला कुणी? सुट्टीने. पण ती सुट्टी मी आपणहून घेतली असती का? तर्पण म्हणजे डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचं आळं करायचं, आणि त्यात औषधी तूप कोमट करून भरायचं. डोळे उघडझाप करत तसंच पडून राहायचं. उठल्यावर सगळं धुरकट दिसतं, वाचता येत नाही. वर पथ्य असं, की उजेडात जायचं नाही, मोबाईल नाही, टीव्ही नाही, बारीक काम नाही. सात दिवस! घरी मला कुणी सात तास मोबाईलशिवाय ठेवू शकलं नसतं. तुपाने माझा नंबर उतरवला नाही, पण मला सक्तीने आडवं पाडलं.

आणि तुपाबद्दल आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डोळ्यांना फार बरं वाटलं. आपल्या अश्रूंचा थर नुसता पाण्याचा नसतो, त्यावर तेलकट पातळ साय असते. पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथी ती तयार करतात आणि ती असते म्हणून पाणी पटकन उडून जात नाही. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. स्क्रीन बघताना ते प्रमाण निम्म्याच्या खाली येतं, थर तुटतो, डोळे चरचरतात, आणि दिसणंही मधूनमधून पुसट होतं. तो थर सावरला की दृष्टी स्वच्छ वाटणार, यात नवल नाही. सुश्रुतसंहितेत डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत, बघणाऱ्यांनी किती बारकाईने बघितलं असेल याचा अंदाज यावा. पण कोरड्या डोळ्याला आराम पडणं वेगळं आणि डोळ्याची लांबी बदलणं वेगळं.

त्राटकाचं थोडक्यात. हठयोगाच्या षट्कर्मांपैकी ते एक, डोळ्यांत पाणी येईपर्यंत न हलता बघणं. मन थांबवायला उत्तम. पाणी वाहून गेल्यावर क्षणभर सगळं लख्ख दिसतं, तेही वरच्याच कारणाने. तळहातांनी डोळे झाकण्याचा प्रकार मात्र मला आपला, ऋषिमुनींचा वाटत होता. तो निघाला न्यूयॉर्कचा! विल्यम बेट्स नावाच्या नेत्रवैद्याने १९२० मध्ये मांडला. त्याचं म्हणणं असं, की जवळचं बघताना भिंग फुगत नाही, डोळ्याबाहेरचे स्नायू अख्खा डोळा दाबून त्याचा आकार बदलतात. म्हणून ताण काढा, चष्मा फेका. पुढे ही पद्धत पाँडिचेरीच्या आश्रमातून आपल्याकडे चांगलीच रुजली.

बेट्सचं म्हणणं तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, आमचे आजोबा पुरे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं, म्हणजे भिंग काढलं आणि आत काही बसवलं नाही. मग तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. चालायला एक आणि वाचायला त्याहून जाड दुसरा. डोळ्याबाहेरचे स्नायू त्यांचे शाबूत होते, कुणी हातही लावला नव्हता. तरी जवळचं दिसेना. कारण फुगणारं भिंगच राहिलं नव्हतं. बेट्सच्याच पठडीत कोवळ्या उन्हाकडे डोळे करून बसणंही येतं, आणि काही जण थेट सूर्याकडे बघायला सांगतात. ते करू नका. सूर्याने भाजलेला पडद्याचा मधला ठिपका पुन्हा पूर्ववत होईलच याची खात्री नसते.

शिबिरातला तक्ता हा आणखी एक मजेशीर भाग. पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी त्याच भिंतीवर तोच तक्ता. मधल्या दिवसांत जाता-येता सगळ्यांनी तो वाचलेला. शेवटून दुसरी ओळ मला तोंडपाठ होती. पाठांतर सोडा, मेंदूची एक खरी करामतही यात असते. चष्मा काढून काही दिवस वावरलं, की मेंदू धूसर चित्रातून अक्षर ओळखायला शिकतो. तक्त्यावर एखाद-दोन ओळी जास्त वाचता येतात, आणि मशिनवर नंबर मात्र जिथल्या तिथे. हे फसवणं नाही, दिसणं खरोखर सुधारतं. म्हणून तर घोळ होतो. 'दिसणं', 'नंबर' आणि 'डोळा' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक सुधारली की आपण तिन्हींचे पेढे वाटतो. यात डोळे बारीक करून बघणंही धरा. पापण्यांची फट झाली की बारीक भोकातून बघितल्यासारखं होतं, इकडचे-तिकडचे पसरट किरण अडतात आणि चित्र धारदार होतं. २०२१ मध्ये अमेरिकेत चाळिशीसाठी पायलोकार्पिनचे थेंब मंजूर झाले, ते मुख्यतः हेच करतात: बाहुली आकुंचित करतात. परिणाम काही तासांचा.

दाजींची गोष्ट वेगळी. त्यांचा वजा दीडचा नंबर शिबिरानंतर जवळजवळ शून्यावर आला, आणि इथे मला पथ्याला सलाम करावा लागतो. दाजींना मधुमेह आहे आणि तोवर त्यांची साखर तीनशेच्या घरात असायची. साखर जास्त झाली की तिचा एक भाग डोळ्याच्या भिंगात वेगळ्या रूपात साठतो आणि पाणी ओढून घेतो. भिंग फुगतं, त्याचे गुण बदलतात, आणि माणसाला नसलेला वजा नंबर येतो. शिबिरात गोड बंद, पहाटे चालणं, आणि तिथल्या वैद्यांनीच दटावून त्यांना डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्यायला लावलं. साखर उतरली, भिंग ओसरलं, नंबर उतरला. त्यानंतरचे काही आठवडे मात्र त्यांना पेपर वाचता येईना, तेव्हा दाजी घाबरले. साखर झपाट्याने खाली आली की नंबर काही काळ दुसऱ्या टोकाला झुकतो. म्हणून मधुमेह्याने साखर महिना-दीड महिना एका जागी ठरल्याशिवाय नवा चष्मा करू नये, पैसे वाया जातात. दाजींचे दोनदा गेले.

आता आई.

आईला लांबचं नेहमी उत्तम दिसायचं. फक्त वाचायला अधिक अडीचचा चष्मा. चाळिशीनंतर भिंग ताठर होत जातं, स्नायूने कितीही आवळलं तरी फुगत नाही, म्हणून जवळचं दिसत नाही. हे सगळ्यांचंच होतं, आणि मराठीने त्या वयाला आणि त्या चष्म्याला एकच नाव देऊन टाकलं आहे. पण मग सदुसष्टाव्या वर्षी ताठर भिंग मऊ झालं?

आम्ही आनंदात असताना काही गोष्टी डोळ्यांसमोर घडत होत्या आणि आमच्या लक्षात येत नव्हत्या. एसटी स्टँडवर आई म्हणायची, "पाटी वाच गं, कुठली लागलीय?" तिला म्हणे घाई असायची. टीव्हीच्या अगदी जवळ मोढा ओढून बसायची, तर आम्हाला वाटे ऐकू कमी येतं. संध्याकाळी समोरून गाडी आली की हात डोळ्यांवर धरायची. दिवाळीत पायरीचा अंदाज चुकून ती पडली. हाड मोडलं नाही, पण त्या निमित्ताने दाजींच्या डॉक्टरांनी तिचेही डोळे बघितले, आणि पाच मिनिटांत विचारलं, "आजी, वाचायचा चष्मा सुटलाय का?"

आई अभिमानाने हो म्हणाली. मीही.

मोतीबिंदूचा एक प्रकार भिंगाच्या गाभ्यात होतो. गाभा दाट होत जातो, पिवळा पडतो. दाट झालेलं भिंग प्रकाश जास्त वळवतं, म्हणजे डोळ्याची ताकद वाढते आणि माणसाला वजा नंबर यायला लागतो. आईचा वजा अडीच झाला होता. आता तो भागाकार करा: एक भागिले अडीच, म्हणजे चाळीस सेंटिमीटर. पोथी आपण धरतो तेवढंच अंतर. आईचा डोळा पोथीच्या अंतरावर आपसूक जुळून बसला होता, त्यामुळे तिथे चष्मा लागेना. त्यापलीकडचं सगळं धूसर. इंग्रजीत याला 'दुसरी दृष्टी' म्हणतात आणि डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना ती माहीत आहे. आमचा चमत्कार त्यांच्या रोजच्या ओपीडीतला निघाला.

यात शिबिराने काही बिघडवलं का? नाही. मोतीबिंदू त्याआधीच सुरू झाला असणार आणि शिबिर झालं नसतं तरी श्रावणात पोथी दिसलीच असती. पण शिबिर झालं नसतं तर "अचानक कसं दिसायला लागलं?" हा प्रश्न आम्ही विचारला असता. उत्तर हातात तयार होतं म्हणून कुणी विचारलं नाही. सहा महिने गेले, एक पडणं झालं. मोतीबिंदूत सहा महिने गेले तर बहुधा फार नुकसान होत नाही, ऑपरेशननंतर दृष्टी मिळते. काचबिंदूत हेच झालं असतं तर गेलेली दृष्टी गेलीच. काचबिंदू नंबरात दिसत नाही, बऱ्याचदा तक्त्यावरही नाही. कडेकडेची दृष्टी हळूहळू खाल्ली जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. म्हणून डॉक्टर डोळ्याचा दाब बघतात, मागची नस बघतात. शिबिरात दाब कुणाचाच बघितला नव्हता. अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू बरे करण्याच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पत्रकात यातला एकही शब्द नव्हता, फक्त 'चष्मा' होता. लिहिणारा हुशार होता.

हे सगळं कळल्यापासून लोक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला, घरच्या घरी मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी घालावं का? नाही. विशेषतः शेतात काम करताना डोळ्याला काडी-कुसळ लागलं असेल तर अजिबात नाही. साध्या ओरखड्यात बुरशी शिरली की बुबुळावर फूल पडतं, आणि मग कॉर्नियाच बदलायची वेळ येऊ शकते. दुसरा प्रश्न मुलांचा असतो: "हिचा नंबर उतरेल का हो?" आलेला खरा नंबर उतरत नाही, पण वाढायचा वेग कमी करता येतो. अगदी सौम्य ॲट्रोपिनचे थेंब त्यासाठी डॉक्टर देतात. आणि मुळात नंबर येऊच नये यासाठी सगळ्यात चांगलं सिद्ध झालेला उपाय फुकट आहे: रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणं. ट्यूशन लावणाऱ्या आईबापांना हा उपाय कडू लागतो, त्यापेक्षा त्रिफळा बरा.

आईची दोन्ही ऑपरेशनं पौषात झाली. आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, आत बसवायचं भिंग लांबच्या हिशेबाने बसवू की जवळच्या? दोन्हीपैकी एक करता येतं, ज्याची सोय होईल त्याला चष्मा लागत नाही, दुसऱ्यासाठी लागतो. आईने क्षणभरही विचार न करता लांबचं मागितलं. पहिली पट्टी निघाली त्या दिवशी घरी येऊन ती खिडकीच्या पडद्याकडे बघत राहिली आणि मला रागावली, "हा पांढरा आहे होय? मला वाटलं, तू धुवायचंच सोडलंस." पिवळ्या भिंगातून ती किती वर्षं बघत होती, कुणास ठाऊक.

वाचायला मात्र पुन्हा अधिक अडीच. श्रावण आला, पोथी निघाली, चष्मा निघाला. परवा स्टँडवर उभ्या होतो, तर पलीकडच्या फलाटाला लागलेल्या गाडीची पाटी तिने माझ्याआधी वाचली, "चल, गारगोटी लागली." आणि गाडीत शेजारी बसलेल्या बाईंना तिकीट काढायच्या आत सांगून झालं होतं: "वैद्यांनी माझा चष्मा उतरवला होता हो. या डॉक्टरांनी परत चढवला."